आधी खोली, मग कार्ड

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले होते. कोथरूडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, ग्रील आणि सरकत्या काचा लावून खोलीत ओढून घेतलेल्या बाल्कनीत माझा कॉम्प्युटर रेंडर करत बसला होता. काम होतं एका पुनर्विकास प्रकल्पाच्या वॉकथ्रूचं. रविवारी त्या सोसायटीची सभा होती आणि सभेत बिल्डर ही तीन मिनिटांची फिल्म दाखवणार होता. तीन मिनिटं म्हणजे साडेचार हजार फ्रेम्स. सुरुवातीला एका फ्रेमला २० सेकंद लागत होते, आता २५ लागायला लागले. पाच सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्यांनी पंचवीस तासांचं काम एकतीस तासांवर नेलं आणि माझा रविवार हुकला. सभेत एक मिनिटाची अर्धवट फिल्म दाखवली गेली आणि माझ्या बिलातला तिसरा हिस्सा कापला गेला.

कार्डात बिघाड काहीच नव्हता. ते ८४ अंशांवर पोचलं होतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होतं. तसं करायलाच ते बनवलेलं असतं. चूक मी विकत घेतली होती आणि वर तिचे जास्तीचे पैसेही मोजले होते. दुकानात मला सांगितलं गेलं होतं, "मॅडम, कार्ड उभंच लावा. काचेतून मस्त दिसतं. आणि थंडही राहतं, गरम हवा वर जाते ना!" मी कूलिंगबद्दल आणखी विचारायला लागले तेव्हा उत्तर मिळालं, "तीन पंखे आहेत मॅडम, अजून काय पाहिजे?"

दुकानाचं नाव सांगत नाही, कारण भांडण त्या दुकानाशी नाही. हेच वाक्य तुम्हाला कुठेही ऐकायला मिळेल. भांडण या वाक्याशीच आहे.

माझं म्हणणं सोपं आहे. उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. कूलर हा ती वाहून नेणारा हमाल. हमाल ठरवण्याआधी ओझं कुठे न्यायचंय ते ठरवावं लागतं. आपण नेमकं उलटं करतो. हमालाचा सदरा बघून त्याला कामावर घेतो.

'उभं' म्हणजे नेमकं काय?

पहिला घोळ इथेच होतो, कारण 'उभं कार्ड' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला प्रकार शोकेसचा. कॅबिनेट नेहमीचंच असतं. एरवी कार्ड मदरबोर्डच्या खाचेत आडवं बसतं आणि त्याचे पंखे जमिनीकडे बघतात. शोकेस प्रकारात ते खाचेतून काढून रायझर केबलने जोडतात आणि उभं करून पंख्यांचं तोंड काचेकडे वळवतात.

दुसरा प्रकार धुराड्याचा. इथे कॅबिनेटच अशी असते की अख्खा मदरबोर्ड ९० अंशांत फिरवलेला असतो. एरवी मागच्या बाजूला येणारी सगळी सॉकेटं छताकडे जातात आणि कार्ड त्या छताला टांगल्यासारखं वरून खाली लटकतं. तैवानच्या सिल्व्हरस्टोन कंपनीने 'रेव्हन' मालिकेत ही रचना लोकप्रिय केली. टेबलावर जागा कमी असेल तर ही रचना सोयीची असते. शिवाय कार्ड स्वतःच्या वजनाने वाकत नाही, हा फायदाही खरा.

पण या दोन प्रकारांना एकच कूलर चालत नाही. एकाला जो योग्य, तो दुसऱ्याला बरेचदा अयोग्य ठरतो. 'व्हर्टिकलला चांगलं कार्ड कुठलं?' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. आधी विचारायला हवं, कुठलं व्हर्टिकल?

बंबाचा गैरसमज

गरम हवा वर जाते हे खरंच आहे. आजीच्या घरी बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, आणि नळीतून धूर सरळ वर. दुकानदाराच्या डोक्यात कॉम्प्युटरही असाच चालतो.

जरा आकडे मांडून बघू. कॅबिनेट अर्धा मीटर उंच आहे आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी गरम आहे असं धरा. या फरकाने हवेला वर ढकलणारा दाब निर्माण होतो तो साधारण पाव पास्कल. १२० मिलिमीटरचा साधा पंखा जास्तीत जास्त १० ते २० पास्कल दाब देऊ शकतो. पंखे जोरात चालू असताना गरम हवेच्या वर जाण्याला फारशी किंमत उरत नाही. पंखा जिकडे ढकलेल तिकडे ती जाते, खाली ढकलली तर खालीही. काम नसताना पंखे थांबतात तेव्हा मात्र हा नैसर्गिक ओढा उपयोगी पडतो. पण कार्ड रिकामं बसलेलं असताना ते तापतंय कुठे?

आणि बंबाचं वरचं तोंड झाकलं तर काय होतं, हे बंब पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी आपण धुराड्याची कॅबिनेट आणतो, तिच्या डोक्यावर केबलींचा गुंता करतो, त्यावर शोभेचं झाकण बसवतो आणि वर ती माळ्याखालच्या कप्प्यात सरकवून देतो.

काच आणि कार्ड

माझं कार्ड शोकेस प्रकारात होतं. ३२० वॅट खाणारं, तीन पंख्यांचं आणि जवळजवळ तीन स्लॉट जाड. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिलिमीटर, तेव्हा जाडी सहा सेंटिमीटरच्या घरात. रायझरवर उभं केल्यावर पंखे आणि काच यांच्यात जेमतेम दोन बोटं अंतर उरलं. त्या फटीतून तीन पंख्यांनी श्वास घ्यायचा होता. समोरची काच हवा देत नव्हती, त्यामुळे पंखे कडेने हवा ओढत होते, आणि कडेला होती कार्डानेच नुकतीच बाहेर टाकलेली गरम हवा.

त्या रात्री अडीच वाजता मी काच काढून भिंतीला टेकवून ठेवली. पंधरा मिनिटांत तापमान नऊ अंशांनी उतरलं. इतके पैसे घालून घेतलेला कूलर नव्याण्णव टक्के बरोबर होता. त्याच्या तोंडावर काच ठेवणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका चहाला आले. कोथरूडलाच साठच्या दशकात किर्लोस्कर-कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू झाला, तिथे काकांनी उभी नोकरी काढली. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. उघड्या कॅबिनेटकडे बघून ते एवढंच म्हणाले, "अगं, रेडिएटर किती मोठा हे नंतर. आधी वारा येतो कुठून आणि जातो कुठे ते बघ ना." मी महिनाभर पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये हे एक वाक्य कुणी बोललं नव्हतं.

पत्र्यांची दिशा

वारा कुठे जातो हे ठरवतात कूलरमधले फिन्स, म्हणजे कंगव्याच्या दातांसारखे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. पंखा त्यांच्यावर हवा मारतो आणि हवा पत्र्यांच्या मधून निसटते. पत्रे ज्या दिशेने लावलेत त्याच दिशेने ती निसटणार. हे पत्रे कार्डाच्या रुंदीच्या दिशेने तरी असतात किंवा लांबीच्या.

शोकेस प्रकारात कार्डाच्या लांब कडा वर आणि खाली येतात. रुंदीच्या दिशेचे पत्रे असतील तर निम्मी हवा वर जाते, आणि कॅबिनेटच्या छताला बाहेर फेकणारा पंखा असेल तर ती तिथून निघून जाते. इथे हे पत्रे चांगले.

धुराडं प्रकारात तेच पत्रे घातक. कार्ड लटकलेलं असल्यामुळे हवा एका बाजूला मदरबोर्डवर आणि दुसऱ्या बाजूला कॅबिनेटच्या भिंतीवर आपटते. इथे लांबीच्या दिशेचे पत्रे हवेत, म्हणजे हवा सरळ वर जाऊन सॉकेटांच्या शेजारच्या जाळीतून बाहेर पडेल. किंवा ब्लोअर घ्यावा. एकच बंदिस्त पंखा सगळी हवा सॉकेटांच्या बाजूने बाहेर ढकलतो, आणि धुराड्यात ती बाजू नेमकी वर असते. ब्लोअरचा आवाज मोठा असतो आणि घरगुती कार्डांतून तो जवळपास नाहीसा झालाय, हेही खरं. पण काचेमागे तो देखणा दिसत नाही, यालाही त्याच्या नाहीशा होण्यात वाटा असावा असा माझा संशय आहे.

पाण्यावर चालणारा कूलर घ्यायचा असेल तर एक नियम पाळा. पंप हा साखळीतला सगळ्यात उंच भाग असता कामा नये, कारण बुडबुडे वर जमतात. धुराड्यात कार्ड आधीच छताजवळ टांगलेलं असतं. रेडिएटर तळाशी लावला की बुडबुडे पंपातच अडकले म्हणून समजा.

समईची वात

आता हीटपाइप. या तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये थोडंसं पाणी असतं. चिपजवळ त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते पाणी नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून चिपकडे परत येतं. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३मध्ये ही युक्ती प्रत्यक्षात आणली. परतीचं तत्त्व मात्र आपल्या देवघरातलं आहे. समईची वात तेल वर ओढते, तसंच.

पण वात किती उंचीपर्यंत तेल ओढेल याला मर्यादा असते. धुराड्यात लटकलेल्या कार्डात चिप वरच्या बाजूला येते आणि नळ्यांची लांब टोकं खाली. म्हणजे थंड झालेलं पाणी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढून चिपपाशी यायला हवं. अस्तर भुकटी भाजून बनवलेलं, म्हणजे सिंटर्ड असेल तर ते हे ओझं बऱ्यापैकी पेलतं. नुसत्या खाचा पाडलेल्या नळ्या कमी पडतात. तुमच्या कार्डात कुठलं अस्तर आहे? खोक्यावर दिव्यांचे रंग किती लाख ते लिहिलेलं असतं, हे नसतं.

दिशेने फरक पडतो हे मोठ्या कंपन्यांनाही महागात पडून कळलंय. २०२२च्या डिसेंबरात एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स बाजारात आलं. कंपनीच्या स्वतःच्या रचनेच्या काही कार्डांवर हॉटस्पॉट ११० अंशांना जाऊन टेकायला लागला. 'देअर बाउअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन ओव्हरक्लॉकरने कार्ड आडवं आणि उभं करून तपासलं, तर दिशा बदलली की तेच कार्ड वेगळं वागत होतं. पुढच्या महिन्यात एएमडीने मान्य केलं की काही व्हेपर चेंबरमध्ये पाणीच कमी भरलं गेलं होतं. गंमत अशी की तिथे उभं कार्ड बरं चालत होतं आणि आडवं तापत होतं. म्हणजे 'उभं वाईट' असाही सरसकट नियम नाही. प्रत्येक कूलर आपापल्या दिशेला तपासावा लागतो.

आणि तपासणं फुकट आहे. पंधरा मिनिटं कार्डाला पूर्ण कामाला लावा, हॉटस्पॉट लिहून घ्या. मग मशीन बंद करून कॅबिनेट आडवी निजवा, हवेच्या जाळ्या उघड्या राहतील एवढं बघा आणि पुन्हा तेच करा. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. दहाचा असेल तर तुमच्या कूलरला तुमची कॅबिनेट मानवत नाही.

बावीस अंशांची खोली कुणाची?

आता माझी खरी तक्रार. ज्या परीक्षणांवर विसंबून आपण कूलर निवडतो, ती बहुतेक विशी-बाविशीतल्या खोलीत केलेली असतात. तिथे एखादं कार्ड ७० अंशांवर चालतं. खोली जितकी तापेल, साधारण तितकंच कार्ड तापतं. माझी बंदिस्त बाल्कनी पश्चिमेला आहे. मे महिन्यात संध्याकाळी तिथे ३६ असतं. म्हणजे तेच 'थंड' कार्ड माझ्याकडे ८४ला पोचणार, आणि पोचलंच. परीक्षकाने खोटं काही सांगितलं नव्हतं. ते सत्य त्याच्या खोलीचं होतं.

शिवाय कार्डातून बाहेर काढलेली उष्णता जाते कुठे? खोलीत. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. माझं कार्ड म्हणजे दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत रात्रभर बसवलेले तीन पाहुणे, जे उठायचं नावच घेत नाहीत. आई लगतच्या खोलीत झोपते. त्या आठवड्यात तिने गादी उचलून हॉलमध्ये नेली. जाताना एवढंच म्हणाली, "अगं, भट्टी लावलीयेस का आत?" तिच्या या प्रश्नाला कुठल्याही परीक्षणात रकाना नसतो.

म्हणून मी म्हणते, कूलरची निवड खोलीपासून सुरू करा. खिडकी कुठे आहे, कॅबिनेटची गरम हवा त्या खिडकीकडे तोंड करून निघते का, दुपारी चार वाजता टेबलावर किती तापमान असतं, हे आधी लिहून काढा. कार्डाचं नाव त्यानंतर.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, "पैसे माझे, मला दिसायला छान हवंय, तुमचं काय जातं?" काही जात नाही. देखणेपणाची हौस मलाही आहे, पोटही त्यावरच भरते. पण मग देखणेपणाची किंमत सांगून विका. 'काचेमुळे नऊ अंश जास्त' असं लिहा आणि खुशाल विका. थंडावा म्हणून काच विकणं ही फसवणूक आहे. आकारासाठी हवेला वेठीला धरणं मोठमोठ्यांनाही पचलेलं नाही. ॲपलचा २०१३चा गोल नळकांड्यासारखा मॅक प्रो दिसायला अप्रतिम होता, एकाच पंख्यावर चालायचा. २०१७मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केलं की त्या रचनेने आपल्याला उष्णतेच्या बाबतीत कोपऱ्यात कोंडलं. एनझेडएक्सटीच्या एच१ या उंच, निमुळत्या कॅबिनेटमध्ये तर रायझर बसवणाऱ्या स्क्रूंमुळे शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका निघाला आणि २०२१मध्ये ती परत बोलवावी लागली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "एसी लाव की!" लावता येईल. पण कार्डाची उष्णता बाहेर काढायला आणखी वीज जाळायची, तिचं बिल भरायचं आणि एसीचं बाहेरचं युनिट शेजारच्यांच्या खिडकीखाली सोडायचं, याला मी उपाय म्हणणार नाही. ती उष्णतेची पुढे ढकलाढकली झाली.

मी काय केलं ते सांगते. पौड रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची बारीक जाळी आणली आणि काचेच्या मापाने कापून तिच्या जागी बसवली. कार्ड रायझरवरून काढून पुन्हा खाचेत आडवं लावलं. कॅबिनेटची पाठ ग्रीलकडे फिरवली. सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ३२० वरून २५० वॅटवर आणली. माझ्या कामाचा वेग त्याने शेकडा सात-आठने उतरला, पण तो रात्रभर टिकला. तापून धापा टाकणाऱ्या ३२० वॅटपेक्षा शांत २५० वॅट लवकर काम संपवतात. सगळ्यात स्वस्त कूलर म्हणजे ती सरकपट्टी, आणि ती कुठलंच दुकान विकत नाही. जाळीवर धूळ बसते, आजूबाजूला पाडकाम चालू असल्याने जरा जास्तच. दर पंधरा दिवसांनी ती झटकावी लागते. झटकते.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. त्या वॉकथ्रूमध्ये मी काय रेंडर करत होते? एक चकचकीत इमारत, समोरून नखशिखांत काच, आणि समोरासमोर खिडक्या नसलेले फ्लॅट. कॅमेरा काचेपुढून सावकाश फिरतो, संगीत वाजतं. तिथल्या स्वयंपाकघरातली वाफ कुठून बाहेर जाणार हे फिल्ममध्ये कुणी विचारत नाही, कारण फिल्म बाहेरून बघायची असते. मला उभं कार्ड ज्या पद्धतीने विकलं गेलं, त्याच पद्धतीने मी लोकांना घरं विकायला मदत करत होते. पुढच्या कामात मी बिल्डरला विचारलं, एक दृश्य आतून दाखवू का, हवा कुठून कुठे जाते त्याचं? तो म्हणाला, त्याची गरज नाही.

गरज आहे, आणि ती आपणच बोलून दाखवायला हवी. कार्डाच्या खोक्यावर तीन ओळी छापा: पत्रे कुठल्या दिशेला आहेत, कूलर कुठकुठल्या स्थितीत तपासला, आणि ३५ अंशांच्या खोलीत कार्ड किती तापलं. परीक्षण करणाऱ्या मराठी-हिंदी यूट्यूबरांनो, एक चाचणी मे महिन्यात, एसी बंद करून करा. तुमचे प्रेक्षक तशाच खोल्यांत बसतात.

आणि तुम्ही दुकानात जाल तेव्हा मोजपट्टी घेऊन जा. कार्डाच्या पंख्यापासून काचेपर्यंतचं अंतर दुकानदारासमोर मोजा. तो हसेल, हसू द्या. मग त्याला विचारा, इथून हवा आत कशी येणार? उत्तर 'तीन पंखे आहेत ना' असं आलं, तर मोजपट्टी गुंडाळा आणि घरी या.